शेवटचा गुंडा

गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काळे ठिपके दिसायला लागले, की समजायचं, कारखाना सुरू झाला. कऱ्हाडजवळच्या आमच्या मलकापुरात थंडी अशी येते. आधी धुराड्याची काजळी, मग हवेत मळीचा आंबूस-गोड वास, मग मोठ्याने गाणी लावून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. दुपारचं ऊन तिरपं होतं आणि गच्चीच्या कठड्याला टेकून बसावंसं वाटू लागतं. यंदाही मी चादर झटकली, ठिपके आणखी पसरवून ठेवले आणि पुन्हा धुवायला टाकली.

बाकीच्यांना या दिवसांत हुरडा आठवतो, मला लोकर आठवते. बारा वर्षांपूर्वीचा एक हिवाळा मी याच गच्चीवर याच कठड्याला पाठ लावून, क्रोशाची सुई हातात धरून काढला. त्याच्याआधी इतकी आनंदात मी कधी नव्हते, नंतरही झाले नाही. हे सांगायला मला लाज वाटते. ज्या आनंदात आपण फसवले जात होतो, त्याची आठवण इतकी उबदार कशी असू शकते, हे मला अजून उमगलेलं नाही.

आमचे हे तेव्हा फौजेत होते. त्या दिवाळीला रजेवर येताना पंजाबातून लोकरीच्या सहा लडी घेऊन आले. मी पिशवीत हात घातला तर एकाच धाग्यात पाच रंग. जांभळ्यातून निळा, निळ्यातून हिरवा, मग हळदी, मग शेंदरी आणि फिरून जांभळा. कुठे गाठ नाही, जोड नाही. "दुकानदार म्हणाला, ह्यात बाईला काय डोकं लावावं लागत न्हाई," हे म्हणाले. मी म्हटलं, "माझ्यासाठीच काढलीया मग."

खोटं नव्हतं ते. मी बालवाडीत शिकवत होते, पोरांची नाकं पुसण्यात माझी हयात गेली. बारीक नक्षीचं विणकाम माझ्या हातून होत नाही. ही लोकर आळशी बाईला मोठेपणा मिळवून देणारी. आपण आपलं सरळ विणत जायचं, रंगांचे पट्टे आपोआप पडतात, आणि बघणाऱ्याला वाटतं बाईने केवढा विचार केलाय. आता रंग बदलणाऱ्या या लोकरीवरून कुणाला माणसांबद्दल एखादं चलाख वाक्य सुचलं असेल तर ते त्याने आपल्याजवळ ठेवावं. लोकरीने मला कधी फसवलं नाही. जांभळ्यानंतर निळा येणार म्हटलं की निळाच यायचा.

टाकाही मी सोपाच निवडला. एक मुका खांब, म्हणजे ठेंगणा टाका, आणि त्याच्या शेजारी एक खांब, म्हणजे उंच. ओळभर असंच. परतताना ठेंगण्याच्या डोक्यावर उंच घालायचा आणि उंचाच्या डोक्यावर ठेंगणा. एवढ्याने कापडाला दाणा येतो. डोळे मिटून हात फिरवला तर भुईमुगाच्या शेंगेवरून फिरतोय असं वाटतं. लहान बाळांना असं खडबडीत आवडतं म्हणे, बोटांना धरायला सापडतं.

बाळ. तेच तर सांगायचं आहे.

माझ्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पुणे झालं, मिरज झालं, नवस झाले, आणि एके दिवशी हे सगळं थांबवायचं असं आम्ही दोघांनी फोनवर ठरवून टाकलं. धाकटे दीर प्रकाश भाऊजी आणि जाऊ वैशाली तेव्हा इथेच, आमच्यासोबत राहायचे. त्यांना एक मुलगा होता. त्या दिवाळीत वैशालीला दुसऱ्या वेळचा पाचवा महिना लागला होता. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, स्वयंपाकघरात, पोटावर हात ठेवून ती मला म्हणाली, "अक्का, ह्ये तुमचंच की."

हे वाक्य मी बारा वर्षं जपलं. आमच्याकडे भावाचं मूल भावाने घेणं काही नवं नाही. बारशाच्या दिवशी चार माणसांसमोर बाळ थोरलीच्या ओटीत घालतात, म्हणजे अक्षरशः तिच्या मांडीवर ठेवतात, आणि तिथून ते तिचं होतं. कागद वगैरे पुढे कधीतरी. "घरातल्या घरात कसला आलाय कागद," असं आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, हसून म्हणाल्या आणि माझ्या तळहातावर साखर ठेवली. मी ती साखर चाटून खाल्ली. चाळिशीला टेकलेली बाई, लहान पोरासारखी.

लगेच बाळाच्या पांघरुणासाठी लोकर काढली. लडीवरून सरळ विणता येत नाही, गुंता होतो. आधी गुंडे वळावे लागतात. एकीने दोन्ही हातांत लड ताणून धरायची आणि दुसरीने वळायची. गुंडा नीट गोल व्हावा म्हणून आत कागदाची घडी घालतात, तिच्यावर पहिले वेढे घ्यायचे. पहिल्या लडीच्या वेळी मी खाली दूध उतू जातंय म्हणून धावले, तर वैशालीने लड स्वतःच्या गुडघ्यांवर अडकवून गुंडा वळायला घेतला होता. मी जिना चढून वर आले तेव्हा ती भराभर वळत होती, मान खाली घालून. गुंडा हातात घेतला तर दगडासारखा घट्ट.

"अगं, येवढा आवळून वळत्यात व्हय? लोकर ताणली की सगळी!"

"ऱ्हाऊ द्या अक्का, शेवटाला घ्या ह्यो. तवर सैल पडंल."

मलाही ते पटलं. ताणलेल्या लोकरीचा टाका आखडतो, काठाला चालून जाईल. तो गुंडा मी पिशवीच्या तळाशी ठेवला. बाकीचे पाच तिने छान सैल वळले.

मग रोज दुपारचे तीन तास. बालवाडी सुटली की मी वर. वैशाली पाय पसरून उन्हात बसलेली, शेजारी शेंगांची पाटी. मी विणायची, ती शेंगा सोलून मला एकेक दाणा भरवायची, कारण माझे हात गुंतलेले. पोटात हालचाल झाली की माझा हात ओढून तिथे ठेवायची. पट्टे वाढत गेले. मी उगीच हिशेब घालायची, हळदी रंगाचा तिसरा पट्टा येईल तेव्हा सातवा महिना असेल. नवा गुंडा जोडताना रंग जुळेपर्यंत लोकर कापून टाकायची, तर ती म्हणायची, "किती नासाडी वो! बाळाला काय कळतंय?" मी म्हणायची, "माझ्या बाळाला कळंल." ती हसायची. मी ते हसणं किती वेळा डोळ्यांसमोर आणून पाहिलं असेल. त्यात काही होतं का? मला तर काही दिसत नाही. छान, मोकळं हसणं होतं.

मनातल्या मनात मी एक नावही ठरवलं होतं. मुलगा झाला तर एक आणि मुलगी झाली तर एक. बालवाडीच्या हजेरीत नावं घालायची सवय, त्यामुळे पूर्ण नाव मनात लिहून बघायची. आधी बाळाचं, मग यांचं, मग आडनाव. मधलं नाव सगळ्यात सावकाश लिहायची. ती नावं मी कुणाला सांगितली नाहीत आणि आताही सांगणार नाही.

संक्रांतीनंतर वैशाली म्हणाली, बाळंतपणाला सांगलीला माहेरी जाते. पहिलं माहेरी झालं होतं, दुसरं सासरी करायची आमची रीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण ती म्हणाली, "तिकडं दवाखाना जवळ हाय अक्का, आन् तुमची बालवाडी. तुमाला कशाला तरास?" माझी काळजी! मी विरघळले. तिची बॅग मीच भरली. डिंकाचे लाडू मीच वळले. एसटीत खिडकीजवळची जागा मीच धरून दिली. माणूस स्वतःची फसवणूक किती मन लावून करतो बघा.

पांघरूण तोवर पुरं होत आलं होतं. फक्त चारी बाजूंचा काठ राहिला होता, आणि तो मुद्दाम ठेवला होता. आत्याबाईंनी बजावलं होतं, "पोर हातात येईस्तवर शेवटची वळ लावायची न्हाई बाई, नजर लागती." मी सुई तशीच शेवटच्या टाक्यात अडकवून ठेवली. तो घट्ट गुंडा आणला आणि त्याचं टोक जोडून ठेवलं. बाळ मांडीवर आलं की काठ घालायचा, त्याच्यादेखत.

बारसं सांगलीला झालं. मुलगी. मी नवी साडी नेसून पाटावर बसले, मांडीवर पांघरूण पसरलं. पाच रंगांचं, मऊ, दाणेदार. बायका वाकून वाकून हात लावून बघत होत्या, "सवता इणलं?" विचारत होत्या. वैशाली बाळाला घेऊन आली, माझ्यासमोर बसली. मी हात पुढे केले. ती बसूनच राहिली. मग बाळाला छातीशी आवळून ओक्साबोक्शी रडायला लागली. "न्हाई जमत अक्का. न्हाई जमत." तिची आई म्हणाली, "तोंड बघितल्यावर जीव सुटत न्हाई वो. आईचा जीव हाय शेवटी."

शेवटी आईचा जीव. मग माझा कुठला होता? पण मी तसं म्हणाले नाही. मी उठले आणि वैशालीच्या पाठीवरून हात फिरवला. मीच तिची समजूत घातली. बायका पदराने डोळे पुसत म्हणाल्या, केवढं मन हाय बाईचं. मी अंगणात आले तेव्हा आत पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत नाव पुकारलं. ईश्वरी. मला वाटलं, आत्ताच सुचलं असेल कुणालातरी. चांगलं नाव होतं.

येताना कऱ्हाडच्या गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. संध्याकाळी यांचा फोन आला. मी सांगितलं. मग म्हणाले, "बरं. पोर सुखरूप हाय न्हवं?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "मग झालं."

पांघरूण यांच्या काळ्या ट्रंकेत गेलं, सुई आणि गुंड्यासकट. प्रकाश भाऊजींनी सांगलीतच नोकरी बघितली, ते तिकडेच राहिले. आणि मी त्या एका वाक्यावर जगले. तोंड बघितल्यावर जीव सुटला नाही. यात कुणाचा दोष काढणार? आपलं बाळ पहिल्यांदा बघितल्यावर बाईचं मन फिरलं, तर त्याला दगा म्हणत नाहीत. मी स्वतःला हे इतक्यांदा सांगितलं, की ते मला पटलं. ईश्वरी सुट्टीला यायची, मोठ्याई मोठ्याई करत मागे फिरायची, तिच्या वेण्या मी घालायची. चार वर्षांपूर्वी आत्याबाई गेल्या तेव्हा वैशाली आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. सगळं मिटलं होतं. मिटलं आहे असं मला वाटत होतं.

यंदा जूनपासून ईश्वरी पाचगणीकडच्या एका निवासी शाळेत आहे. दिवाळीच्या सुट्टीत वैशालीचा फोन आला. "अक्का, पोरगी थंडीनं कुडकुडती म्हणती तिथं. ते तुमचं लोकरीचं हाय न्हवं अजून? द्या की तिला. तिचंच तर हाय ते."

खरं सांगते, मला आनंद झाला. ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास, यांच्या जुन्या जर्सीचा वास, आणि त्याखाली ते, जसंच्या तसं. पाचही रंग ताजे. सुई त्याच टाक्यात, थोडी गंजलेली. गच्चीवर कठड्याला पाठ लावून मी काठ घालायला बसले. हातांना टाका लगेच आठवला. अंगावर काजळी पडत होती आणि मी चक्क गुणगुणत होते. एक बाजू झाली, दुसरी झाली. घट्ट वळलेला गुंडा बारा वर्षांतही सैल पडला नव्हता, ओढून ओढून घ्यावा लागत होता. चौथ्या बाजूला चार बोटं काठ राहिला आणि लोकर संपली. हातात उरली कागदाची घडी.

टाकणारच होते. पण कागद कॅलेंडरचा होता, आमच्याच स्वयंपाकघरातल्या, त्या वर्षीचं ऑक्टोबरचं पान. एका बाजूला आत्याबाईंच्या अक्षरात दुधाच्या खुणा. म्हणून उलटून पाहिलं.

मागे वैशालीचं अक्षर. मी ओळखते, किराणा सामानाच्या याद्या तीच लिहायची. सहा नावं होती, तीन मुलांची, तीन मुलींची. नुसती नावं नव्हे, शाळेच्या पाटीवर लिहितात तशी पूर्ण. राजवीर प्रकाश. शौर्य प्रकाश. समृद्धी प्रकाश. प्रत्येक नावाच्या मध्ये प्रकाश. सहाच्या सहा वेळा, आणि आडनाव. शेवटून दुसरं नाव ईश्वरी प्रकाश. त्याच्याखाली दोन रेघा मारलेल्या.

आधी वाटलं, असू दे, आईने नावं लिहून बघितली, काय मोठंसं. मग हळूहळू कळत गेलं. हा पहिला गुंडा. माझ्या तळहातावर साखर ठेवली त्याच आठवड्यातला. म्हणजे पाळण्यातलं तोंड बघायच्या चार महिने आधी तिचं ठरलं होतं. शेंगदाणे भरवताना ठरलेलं होतं. माझा हात पोटावर ठेवताना, लाडूंचा डबा बॅगेत घालताना, एसटीतून हात हलवताना. मी ज्या वाक्यावर बारा वर्षं जगले ते बारशाच्या पाटापुरतं शिवलेलं होतं. बाळ दिलं नाही याचं दुःख मी कधीच पचवलं होतं. पण तो हिवाळा माझा होता. त्या दुपारी माझ्या होत्या. आता त्याही गेल्या.

रविवारी मायलेकी आल्या. ईश्वरीने पांघरूण अंगभर गुंडाळून घेतलं, आरशात पाहिलं, दाण्यांवरून बोटं फिरवली. "मोठ्याई, हितं काठ राहिलाय की."

"लोकर संपली बाळा."

"ऱ्हाऊ दे, लय भारी हाय," म्हणाली आणि तशीच अंगणात यांना दाखवायला पळाली. यांचं "आरं वा, राणी साहेब!" मला खिडकीतून ऐकू आलं. तिच्यावर मी कशाला राग धरू?

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो. मी डब्याखालून कागद काढून वैशालीपुढे ठेवला. घडीच्या रेषांवर तो फाटत आला होता. तिने उलगडला, वाचला.

"ह्ये कुठं घावलं?"

"तू वळलेल्या गुंड्यात."

तिने त्या दोन रेघांवरून अंगठा फिरवला. मग हळू म्हणाली, "आत्याबाई म्हणल्या हुत्या तवा, अक्का. 'दुसरं थोरलीच्या वटीत घालायचं,' म्हणल्या. तुमच्याच म्होरं म्हणल्या. मग मी म्हणलं, व्हय, अक्काचंच की ह्ये. दुसरं काय म्हणणार हुते मी?"

आणि मला आठवलं. खरंच, आत्याबाईंचं वाक्य आधी होतं. मला फक्त दुसरं ऐकायचं होतं म्हणून पहिलं मी गाळून टाकलं होतं. चुकलं असेल माझं. पण तेवढंच.

"त्यांच्याम्होरं न्हाई म्हणायची छाती नव्हती, कबूल," मी म्हणाले. "माझ्याम्होरं? रोज तीन तास वर बसायचो की दोघी. मला सांगितलं असतंस तर मीच म्हणाले असते आत्याबाईंना, मला नगो म्हणून."

"तुमी लय खुश हुता वो," ती रडायला लागली. "रोज वाटायचं, उद्या सांगू. तुमी इणत बसायचा, त्या लोकरीकडं बघून हसायचा. माझ्यानं व्हायचंच न्हाई. मग म्हणलं, तिकडं गेल्यावर बघू."

बारशाला ती रडली तेव्हा मी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. या वेळी माझा हात उठला नाही. बाहेर ईश्वरी पांघरुणासकट गोल गोल फिरत होती, आणि कपड्यांच्या दोरीवर, नुकत्याच धुतलेल्या चादरीवर, पुन्हा काजळी पडत होती. मी वैशालीच्या हातातून तो कागद काढून घेतला आणि त्यावरची नावं पुन्हा एकदा, एकेक करून वाचली.

"सहा नावं हायत, वैशाली," मी म्हणाले. "एकाच्या म्होरं तरी यांचं नाव लिवून बघायचं हुतंस."